आजी ९१, बाबा ५३: डिचोलीतल्या एका घराच्या मृत्युनोंदींचा अभ्यास

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं घर. थोरला मुलगा ३८ वर्षांचा, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. कंपनीच्या वार्षिक तपासणीत त्याची उपाशीपोटीची साखर १६८ निघाली, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी ८.१ आली आणि प्रेशरही चढलेलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. पाकीट कपाटात तसंच पडून राहिलं. त्याचं म्हणणं ठाम होतं: "आमच्या घराण्यात आयुष्य आहे. आजी एक्याण्णव वर्षं जगली. तिने जन्मात कधी गोळी घेतली नव्हती."

त्याची धाकटी बहीण शिक्षिका आहे. घरात मृत्यूचे जेवढे कागद होते तेवढे तिने गोळा केले, ज्यांचे कागद नव्हते त्यांची माहिती थोरल्या आत्याकडून विचारून वहीत उतरवली, आणि सगळं माझ्यापुढे ठेवलं. मी गावपातळीवर आरोग्याचं काम करतो, त्यामुळे असे कागद माझ्याकडे येत असतात. तिचा प्रश्न मात्र नेहमीचा नव्हता. "आजी नव्वदी पार करते आणि बाबा त्रेपन्नाव्या वर्षी जातात, मग आमच्या घरचं आयुष्य किती धरायचं? दादा आजीकडे बोट दाखवतो. मी बाबांकडे दाखवते. बरोबर कोण?"

हा प्रश्न एका घरापुरता नाही. देशादेशांची आयुर्मानं ठरतात तीही याच हिशोबाने: कोणत्या वयात, कोणत्या कारणाने माणसं जातात. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो. नावं आणि गाव देत नाही.

घरातले सहा मृत्यू

आजीची सात बाळंतपणं घरीच झाली, सुईणीच्या हातून. पहिली तीन मुलं १९५०च्या दशकातली, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतली. पहिला मुलगा सातव्या दिवशी गेला. आत्याने आजीकडून ऐकलेलं वर्णन असं: दूध ओढेना, जबडा घट्ट मिटला, अंग ताठ झालं. घरच्यांनी बाहेरची बाधा म्हटलं. ही लक्षणं नवजात बाळाच्या धनुर्वाताची आहेत. नाळ कापताना जंतू आत जातात आणि आठवड्याभरात बाळ दगावतं. दुसरं मूल वर्षाचं असताना पावसाळ्यात जुलाबांनी गेलं. तिसरी मुलगी चार वर्षांची. तिला गोवर आला, अंगावरचा पुरळ उतरला आणि मग छाती भरली. तिघांचाही कागद नाही. त्यानंतरची चौघं जगली: थोरली आत्या, बाबा, काका आणि धाकटी आत्या.

बाबांचा जन्म १९६३चा. खनिज वाहतुकीचा स्वतःचा ट्रक होता. २०१२मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा या पट्ट्यातल्या अनेक घरांसारखाच त्यांचाही ट्रक अंगणात उभा राहिला आणि कर्जाचे हप्ते चालू राहिले. पुढे ते दुसऱ्याचा टेंपो चालवू लागले. पूर्वी जत्रेला, शिगम्याला होणारं पिणं रोजचं झालं. साखर त्याआधीच एकदा सापडली होती. काही महिने गोळ्या घेतल्या, बरं वाटू लागलं म्हणून सोडल्या. २०१६मध्ये एका पहाटे छातीत जळजळ सुरू झाली. पित्त झालंय म्हणून त्यांनी कोकमाचं पाणी प्यायलं, पित्ताची पावडर घेतली आणि पडून राहिले. घाम सुटला तरी १०८ला फोन करू दिला नाही. दहाच्या सुमारास पुतण्याच्या स्कूटरवर मागे बसून डॉक्टरांकडे निघाले आणि वाटेतच गेले.

तो पुतण्या म्हणजे काकांचा मुलगा. २०१९मध्ये तो स्वतः २३ वर्षांचा असताना गेला. रात्रपाळी संपवून परतताना दुचाकी घसरली, डोक्याला मार लागला. हेल्मेट दुचाकीच्या हुकाला लटकत होतं.

आजी गेली २०२२मध्ये. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं, अंथरूण धरलं, छातीत कफ साठला. वय ९१.

कागदावर काय लिहिलं होतं

बाबांच्या मृत्यूच्या कारणासमोर एकच ओळ आहे: हृदयक्रिया बंद पडणे. बहिणीला त्यात काही खटकलं नव्हतं. मला खटकलं, आणि माझ्या मते या प्रकरणाची कळ इथेच आहे.

मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला जगभर एकाच धर्तीवर भरला जातो. पहिल्या ओळीत शेवटचा आघात. त्याखालच्या ओळीत तो आघात ज्यामुळे झाला ते. त्याच्याही खाली ही साखळी जिथून सुरू झाली ते मूळ कारण. मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर आजारांसाठी वेगळी जागा असते. आकडेवारीत धरलं जातं ते मूळ कारण. हृदय बंद पडणं, श्वास थांबणं ही मरण्याची रीत झाली; ती प्रत्येक मृत्यूत असते, म्हणून नुसती तेवढीच लिहू नये असा नियम आहे. तरीही ती सर्रास लिहिली जाते.

बाबांचा दाखला नीट भरला असता तर वर हृदयविकाराचा तीव्र झटका आला असता, त्याखाली हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, आणि इतर आजारांत मधुमेह. मग हाच कागद वाचून मुलाला कळलं असतं की आपल्या रक्तात सापडलेली साखर वडिलांनाही होती आणि त्यांच्या मरणात तिचा हात होता. "हृदयक्रिया बंद पडणे" एवढंच वाचून त्याला वाटलं, बाबांचं हृदय अचानक थांबलं, नशिबाचा भाग.

या बाबतीत गोव्याची स्थिती देशात सगळ्यात चांगल्यांपैकी आहे. इथे जवळजवळ प्रत्येक मृत्यूचं कारण डॉक्टर लिहून देतात. २०२० साली देशभरात हे प्रमाण नोंदलेल्या मृत्यूंच्या एक चतुर्थांशाहूनही कमी होतं. दाखला मिळणं ही पहिली पायरी झाली. त्यावरची खालची ओळ भरणं हे काम अजून मागे पडलेलं आहे, असं मला या घरासारखे कागद पाहून वाटतं.

घराची सरासरी

बहिणीला मी वहीत हिशोब मांडून दाखवला. सहा मृत्यूंची वयं: ०, १, ४, २३, ५३, ९१. बेरीज १७२, सरासरी साधारण २८.७. या घरात अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचं होऊन कुणीही गेलेलं नाही. तरी सरासरी तीच येते. शंभर वर्षांपूर्वी हिंदुस्थानातल्या माणसाचं आयुर्मान पंचविशीच्या आसपास होतं असं वाचून लोकांना वाटतं की तेव्हा माणसं पंचविशीत म्हातारी होत. तसं नव्हतं. तेव्हाही म्हातारे होते. सरासरी खाली ओढत होती ती पाळण्यातली मुलं.

आता पहिली तीन मुलं ७५ वर्षं जगली असं धरू. सरासरी एकदम ६५.३ होते. ३६ वर्षांहून अधिक वाढ, आणि ती कशाने? स्वच्छ पात्याने नाळ कापणं, आईला धनुर्वाताची लस, गोवराची लस, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी. त्यानंतर पुतण्या ७५पर्यंत पोचला असता तर सरासरी ७४. बाबाही ७५पर्यंत पोचले असते तर ७७.७. आणि आजी आणखी पाच वर्षं जगून ९६ची झाली असती तर? एक वर्षही पुरतं वाढत नाही.

बहीण बराच वेळ शेवटच्या आकड्याकडे बघत राहिली. भावाचा सगळा भरवसा ज्या मृत्यूवर होता, त्याने सरासरी सगळ्यात कमी हलत होती.

हा हिशोब शास्त्रशुद्ध आयुर्मानाचा नाही, हेही तिला सांगितलं. यात जिवंत माणसं धरलेली नाहीत. थोरली आत्या आज सत्तरी ओलांडून हिंडतेफिरते आहे. देशाचं आयुर्मान काढताना एक काल्पनिक बाळ घेतात आणि त्या वर्षी प्रत्येक वयात जे मृत्युदर आहेत तेच त्या बाळाला आयुष्यभर लागू केले तर ते सरासरी किती जगेल हे मोजतात. म्हणून एखाद्या साथीच्या वर्षी आकडा खाली कोसळतो आणि साथ गेली की पुन्हा चढतो. एखाद्या माणसाने किती जगावं हे तो आकडा सांगत नाही.

एकेका कारणाचं वजन काढण्याची कल्पना जुनी आहे. १७६०मध्ये डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने देवी हा आजार नाहीसा झाला तर काय होईल ते मोजलं. त्याच्या हिशोबात आयुर्मान २६ वर्षं ७ महिन्यांवरून २९ वर्षं ९ महिन्यांवर जात होतं, म्हणजे तीन वर्षांच्या आसपास वाढ. देवीसारखा संहारक आजार आणि वाढ एवढीच, कारण देवीतून वाचलेलं मूल पुढे दुसऱ्या कशाने तरी जाऊ शकतं. ही मेख आजही आहे. नव्वदीतल्या माणसाचा एक आजार टळला की दुसरा दाराशी उभा असतो. सातव्या दिवसाच्या बाळाचा धनुर्वात टळला तर पुढे पाऊणशे वर्षं मोकळी मिळू शकतात.

तीच वयं, तीच कारणं, जगाच्या नकाशावर

या घरातला प्रत्येक मृत्यू जगात कुठे ना कुठे आजही आयुर्मान ठरवतो आहे.

आजीच्या पहिल्या तीन मुलांसारखे मृत्यू आज मुख्यतः सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आणि दक्षिण आशियात होतात. नायजेरिया, चाड, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या देशांचं आयुर्मान पंचावन्नच्या आगेमागे आहे. तिथे साठी गाठलेली माणसं पुढे बरीच वर्षं जगतात. आकडा खाली राहतो तो हिवताप, न्यूमोनिया, जुलाब आणि जन्माच्या वेळच्या अडचणींनी. एकट्या हिवतापाने २०२३मध्ये जगात सुमारे ५ लाख ९७ हजार लोक गेले, त्यातले सुमारे ९५ टक्के आफ्रिकेत, आणि तिथल्या मृतांत चारात तीन पाच वर्षांखालची मुलं. तरी प्रवास मोठा झाला आहे. १९९०मध्ये जगात पाच वर्षांखालची १ कोटी २० लाखांहून अधिक मुलं दगावली. २०२२मध्ये हा आकडा ५० लाखांखाली आला. भारताने २०१५मध्ये माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वातावर मात केल्याचं प्रमाणपत्र मिळवलं. गोव्याचा अर्भक मृत्युदर आता एक आकडी आहे. आजीच्या पहिल्या बाळाला जे झालं ते आज डिचोलीत कुणी पाहिलेलंही नसतं.

इथे डॉक्टर दिलीप महालनाबीस यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७१मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली आणि शिरेतून द्यायच्या सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा त्यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचं पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यू झपाट्याने खाली आले. आजीच्या दुसऱ्या मुलाला जो उपाय हवा होता तो हाच, आणि त्याचं सामान तिच्या स्वयंपाकघरात होतं.

पुतण्यासारखे, ऐन उमेदीतले मृत्यू कमी असले तरी प्रत्येकाचं वजन प्रचंड असतं. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला हे सगळ्यात भयानक रीतीने दिसलं. बोट्सवाना हा १९९०च्या सुमारास साठीच्या आयुर्मानाचा, बऱ्यापैकी सुस्थितीतला देश. एचआयव्हीने तिथली तरणीताठी माणसं नेली आणि दहा-बारा वर्षांत आयुर्मान पन्नासच्या आसपास घसरलं. २००२पासून सरकारने मोफत औषधं द्यायला सुरुवात केली आणि आकडा पुन्हा वर आला. अमेरिकेत २०१४ ते २०१७ या काळात आयुर्मान ७८.९वरून ७८.६वर आलं. एवढ्या श्रीमंत देशात ते घसरावं याचं एक मोठं कारण अमली औषधांच्या अतिसेवनाने तरुण आणि मध्यमवयीनांचे मृत्यू हे होतं. एकट्या २०१७मध्ये ते ७० हजारांवर गेले. ५ ते २९ या वयोगटात जगातलं मृत्यूचं पहिलं कारण रस्त्यावरचा अपघात आहे. गोव्यात दरवर्षी अडीचशे ते तीनशे माणसं रस्त्यावर जातात आणि त्यात दुचाकीवाले सर्वाधिक असतात. पंधरा-सोळा लाख वस्तीच्या राज्याला हा आकडा फार आहे. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. हुकाला लटकवलेल्या हेल्मेटने काहीच कमी होत नाही.

बाबांच्या मृत्यूशी सगळ्यात जास्त जुळणारं उदाहरण रशियाचं आहे. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी १९८५मध्ये दारूविरोधी मोहीम काढली. १९८७पर्यंत रशियन पुरुषांचं आयुर्मान ६५च्या जवळ गेलं. मोहीम विरली, मग सोव्हिएत संघ कोसळला, कामधंदे बुडाले, दारू स्वस्त झाली. १९९४मध्ये तोच आकडा ५८च्या खाली होता. सात वर्षांत सात वर्षं गेली, आणि ती कुठल्या साथीने नेली नाहीत. हृदयविकार, दारू आणि अपघातांनी नेली, पस्तीस ते चौसष्ट या वयात. खाणी बंद झाल्यावर आपल्या पट्ट्यातल्या पुरुषांचं काय झालं याची अशी मोजणी कुणीतरी करायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

उलटं उदाहरण फिनलंडचं. तिथल्या नॉर्थ करेलिया भागात कर्ते पुरुष हृदयविकाराने पटापट जात होते. १९७२पासून डॉ. पेक्का पुस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोणी, मीठ, तंबाखू आणि रक्तदाब या चार गोष्टींमागे लागून गावोगाव काम केलं. पुढच्या चाळीस वर्षांत कर्त्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. माणसं तीच, रक्त तेच.

आजीसारखा, नव्वदीतला मृत्यू जपानी बाईच्या वाट्याला येतो; तिथे स्त्रियांचं आयुर्मान ८७ आहे. आपल्याकडे १९७०-७५मध्ये भारताचं जन्मवेळचं आयुर्मान ४९.७ होतं, २०१६-२० या काळात ते ७० झालं. वीस वर्षांची ही वाढ बहुतेक बालपणात आणि तरुणपणात झाली. साठी गाठलेल्या माणसाचं पुढचं आयुष्य तेवढ्याच काळात चार-पाच वर्षांनीच वाढलं. गोवा, केरळ, तामिळनाडू या राज्यांत संसर्गाच्या आजारांचं ओझं सगळ्यात आधी हटलं आणि त्या जागी मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, अपघात आले. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत वीस वर्षांवरच्यांत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात २६.४ टक्के निघालं, देशात सर्वाधिक. देशाची सरासरी ११.४.

आम्ही हे बोलत असताना आत्याने मध्येच विचारलं, "आणि माकडताप?" शेजारच्या सत्तरी तालुक्यात २०१५-१६मध्ये काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना गोचिडीच्या चाव्यातून येणाऱ्या या तापाची लागण झाली होती आणि तेव्हा घरोघर तोच विषय होता. काळजी रास्त आहे. पण त्या काळातही या भागातल्या चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांना सगळ्यात जास्त धोका घरातल्याच साखरेचा आणि प्रेशरचा होता, आणि त्याची चर्चा कुठल्या ओटीवर होत नव्हती.

भावाशी बोलणं

बहिणीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर असं द्यावं लागतं: आजीचं वय भावाला उपयोगी नाही, वडिलांचं आहे. सख्खा भाऊ किंवा वडील ५५च्या आत, आई किंवा सख्खी बहीण ६५च्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर त्या माणसाचा स्वतःचा धोका वाढलेला धरतात. म्हणून घरात असं कुणाला झालं होतं का, हे डॉक्टर विचारतात. आजी नव्वदी पार करून गेली याने तो धोका वजा होत नाही. शिवाय आजी ज्या काळातून आली तिथे धनुर्वात, गोवर, जुलाब, बाळंतपण या सगळ्यांतून वाचणं ही परीक्षा होती. तिच्या नातवाची परीक्षा वेगळी आहे.

मी हे भावाला सांगितलं तेव्हा त्याने ऐकून घेतलं, पण मान हलली नाही. त्याला हलवलं ते बहिणीने. तिने वडिलांच्या दाखल्याची झेरॉक्स काढली आणि रिकाम्या ओळींत आपल्या अक्षरात लिहिलं: हृदयविकाराचा झटका, त्याखाली रक्तवाहिन्यांचा आजार, आणि सगळ्यात खाली, इतर आजारांच्या जागी, मधुमेह, गोळ्या सोडलेल्या, रोजची दारू. मग त्याच्या कंपनीचा तपासणी अहवाल शेजारी ठेवला. "दादा, ही खालची ओळ तुझ्याकडे आहे. वरची अजून नाही."

तो त्या आठवड्यात आरोग्य केंद्रात गेला.

त्यानंतरचं थोडक्यात. गोळ्या चालू आहेत. तीन महिन्यांनी साखरेची सरासरी ८.१वरून ७.२वर आली, प्रेशर आटोक्यात आहे. दारू सुटलेली नाही. रोजची शनिवारवर आली आहे. या बाबतीत गोव्यात एक चांगलं काम झालेलं आहे: 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून जास्त पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्याच बैठकांत बोलणं करवलं, आणि पिणं आवाक्यात आणणाऱ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. २०१७मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भावाने अशा बैठकीला जायला होकार दिला आहे, अजून गेलेला नाही.

घरात सगळ्यांना एक गोष्ट पाठ करायला लावली: छातीत जळजळ, त्यासोबत घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, असं काही झालं की कोकम नाही, पावडर नाही, स्कूटर नाही, आधी १०८. बाबा गेल्यानंतरच्या वर्षांत गोव्यात हृदयविकाराच्या तीव्र झटक्यासाठीचा 'स्टेमी' कार्यक्रम सुरू झाला आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयात काढलेला ईसीजी तज्ज्ञांकडे जातो आणि रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे देता येतं, बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पोचेपर्यंत थांबावं लागत नाही. पण त्यासाठी माणूस पहिल्या काही तासांत दारात यायला हवा. बाबांचे ते तास पित्त समजून गेले.

दोघी आत्यांची आणि बहिणीची तपासणी झाली. धाकट्या आत्याचं प्रेशर वाढलेलं निघालं, तिला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. काका साठीचे आहेत. मुलगा गेल्यापासून ते कुठल्याच दवाखान्याची पायरी चढलेले नाहीत आणि त्यांना कुणी जोरही करत नाही. त्यांची साखर आणि ईसीजी बाकी आहे. त्यांना घेऊन जाण्याचं काम भावाने आपल्याकडे घेतलं आहे.